देहमंदिराचा जीर्णोद्धार

(कलशारोहणानिमित्त झालेल्या अखंड हरिनाम सप्ताहात, मंदिरासमोरील मंडपात दिलेले व्याख्यान)



सप्ताहात कीर्तन ऐकावयास आलेल्या मंडळींसमोर डॉक्टरास उभे करण्याचे धाडस समितीने केले, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. मी कीर्तनकार नाही. माझ्याजवळ टाळ नाही, मृदंग नाही. परंतु याच मारुतीरायाच्या पारावर मी लहानाचा मोठा झालो आणि नाशिक जिल्ह्यातच माझा सारा व्यवसाय झाला. तेव्हा घरच्या माणसाने घरच्या माणसांशी बोलावे, तसे आज चार शब्द बोलणार आहे. विषय आहे मधुमेह, म्हणजे आपण ज्याला साखरेचा आजार किंवा नुसते ‘शुगर’ म्हणतो तो.

गेल्या वर्षी जुना गाभारा उतरविण्याचे काम निघाले, तेव्हा मी येथे हजर होतो. बाहेरून मंदिर कसे दिसत होते? दर दिवाळीला चुना लागत होता, कळस चकाकत होता. पण आतला गिलावा काढला तेव्हा कळले की छताच्या तुळया पोकळ झाल्या आहेत. पावसाचे पाणी किती वर्षे थेंब थेंब झिरपत होते, ते कोणालाच कळले नव्हते. तुळईने कधी तक्रार केली नव्हती. मधुमेहाचे अगदी असेच आहे. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणीत नाही. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून झिरपणे चालू असते.

हा आजार आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत आणि चरकसंहितेत त्याचे वर्णन आहे. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात तो रोगी, ही खूण जुन्या वैद्यांना ठाऊक होती. सुश्रुताने तर दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, ज्यात रोगी कृश असतो, दुसरा अपथ्याने, म्हणजे आहारविहार बिघडल्याने होणारा. आजचे शास्त्रही मुख्यतः दोनच प्रकार मानते. आपल्याकडे बहुसंख्य रोगी दुसऱ्या प्रकारचे असतात.

आता शरीरात नेमके काय बिघडते, ते आपल्या शेतातल्या भाषेत सांगतो. आपण भाकरी, भात, पोळी खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्त म्हणजे पाटाची चारी आणि साखर म्हणजे तिच्यातले पाणी. शरीरातल्या पेशी म्हणजे वाफे. चारीतले पाणी वाफ्यात आपोआप शिरत नाही; दारे धरणारा गडी लागतो. तो गडी म्हणजे इन्शुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे, तिच्यात ते तयार होते. गडीच कामावर आला नाही, तर तो पहिला प्रकार. गडी आहे, पण वाफ्यांची तोंडे गाळाने बुजली आहेत, दुप्पट श्रम करूनही पाणी आत जात नाही, आणि शेवटी गडीही थकतो, हा दुसरा प्रकार. दोन्हींत परिणाम एकच : चारी तुंबलेली आणि पीक सुकलेले. रक्तात साखरेचा पूर, पण शरीर उपाशी. म्हणून तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, खाऊनही वजन घटते, थकवा येतो, जखम लवकर भरत नाही. आणि तुंबलेले पाणी जसे बांध खचविते, तशी ही साखर वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्या खचविते. डोळा, मूत्रपिंड, हृदय, मेंदू आणि पाय, ही तिची ठिकाणे.

शंभर वर्षांपूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल म्हणजे हातचे गेलेले मूल, अशी स्थिती होती. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास ते टोचले गेले आणि तो वाचला. या मंडळींनी शोधाचे हक्क विकून कोट्यवधी मिळविले असते. पण त्यांनी ते टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी १ डॉलर घेऊन देऊन टाकले. आजच्या या सभेत अनेक दाते बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

“पण डॉक्टर, हा तर शहरातल्या शेठजींचा आजार. आम्ही काटक माणसे, आम्हाला कसली शुगर?” हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. ते का चुकीचे आहे, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, हडकुळे. पण मोजमाप घेतले तेव्हा दिसले की त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने जास्त. म्हणजे वरून कृश, आतून स्थूल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघेही सडपातळ. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१ टक्के! तेव्हा मंडळी, काटकपणा अंगावर दिसतो त्यावर भरवसा ठेवू नका. आपल्या माणसाची चरबी पोटावर साठते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० पेक्षा जास्त असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

दुसरे कारण आपल्या राहणीत आहे. आमच्या लहानपणी मोट गेली होती, पण औत होते, पायी बाजार होता, डोक्यावर पाटी होती. आज ट्रॅक्टर आहे, ठिबक आहे, बटण दाबले की मोटार सुरू होते, आणि मळ्यात जावयाचे तर दुचाकी. हे सुख आपण कष्टाने मिळविले आहे, ते सोडा असे मी म्हणणार नाही. पण कष्ट कमी झाले आणि ताटातली भाकरी तेवढीच राहिली, वर फरसाण आणि थंड पेयाची बाटली आली, हा हिशेब कुठेतरी फिटतोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत १०० प्रौढांमागे १६ जणांना, तर खेड्यांत ९ जणांना. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक मोजले, तर शहरात आणि खेड्यात प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले : १०० मागे १५. म्हणजे पाणी आपल्याही शिवारापर्यंत आले आहे.

आता मला एक घरची गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या थोरल्या चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असतील. शनिवार कधी चुकविला नाही असा मारुतीचा भक्त. १९८७ सालची हनुमान जयंती. चैत्राचे ऊन तुम्हांस माहीतच आहे. अण्णांनी १०८ प्रदक्षिणांचा नवस बोलला होता, आणि भर दुपारी अनवाणी, तापलेल्या फरशीवरून त्यांनी तो पुरा केला. लोक म्हणाले, काय ही भक्ती! चटकासुद्धा लागला नाही. चटका लागला होता, मंडळी. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. अण्णांना ते कळलेच नाहीत, कारण साखरेने त्यांच्या पायांच्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. फोड फुटले, घरच्या घरी हळद आणि तेल लावले. तीन आठवड्यांनी उजवा पाय काळा पडला, तेव्हा नाशिकला नेले. त्या दिवशी अण्णांची साखर जन्मात पहिल्यांदा तपासली गेली. ती ४०० च्या वर होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. पुस्तकात हा आजार वाचत होतो आणि सुट्टीत अण्णांच्या शेजारी जेवत होतो, पण माझ्याही ध्यानात आले नाही. ती टोचणी मला आजही आहे. अण्णा त्यानंतर सहा वर्षे जगले. मंदिराच्या पायऱ्या त्यांना चढता येत नव्हत्या. समोरच्या ओट्यावर बसून लांबूनच हात जोडीत.

ही गोष्ट भक्तीच्या विरुद्ध नाही. एक थेंब रक्त वेळीच तपासले असते, तर अण्णा शेवटपर्यंत आपल्या पायांनी गाभाऱ्यात गेले असते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

म्हणून पहिली गोष्ट, तपासणी. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासला जातो. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यांना टाळू नका. आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. रात्रभर उपाशी राहून सकाळी केलेल्या तपासणीत साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. पण त्रास काही नसेल, तर एकदा पुन्हा तपासून खात्री करावी. ‘एचबीए१सी’ नावाची तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती ५.७ च्या खाली चांगली, ६.५ किंवा वर गेली तर मधुमेह. आदल्या दिवशी पथ्य पाळून या तपासणीला फसविता येत नाही.

जे उंबरठ्यावर आहेत त्यांनी घाबरू नये, उलट आनंद मानावा, कारण तेथून माघारी फिरता येते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, २००२ साली, असे दिसले की आठवड्यातून १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात थोडी घट एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झाले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांत असाच अभ्यास केला आणि २००६ साली तेथेही लाभ दिसून आला. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणे. मळ्यात दुचाकीऐवजी पायी गेलात, तर निम्मे काम झाले. रात्री जेवून लगेच अंथरूण न धरता पारापर्यंत एक फेरी मारली, तरी साखर उतरते.

दुसरी गोष्ट, ताट. मधुमेह झाला म्हणजे उपाशी मरावे, असे नाही. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, मटकी, हुलगे अशी उसळ, आणि पाव ताट भाकरी किंवा भात. बाजरीची भाकरी पोळीपेक्षा सावकाश साखर चढविते हे खरे, पण चार भाकरी खाल्ल्या तर तीही साखरच होते. गूळ चालतो, मध चालतो, हा मोठा गैरसमज आहे. रक्ताला गूळ आणि साखर यांत भेद कळत नाही. उसाचा रस टाळावाच. आपण द्राक्षाच्या मुलखातले लोक. दहा-बारा मणी खाल्ले तर आकाश कोसळत नाही, पण घड खाऊ नये. बेदाणा तर त्याच द्राक्षाची आटवलेली साखर. आणि चहा! छाटणीच्या दिवसांत बागेत सहा कप चहा सहज होतो. कपात दोन चमचे धरले तर दिवसाला १२ चमचे, म्हणजे ५०-६० ग्रॅम साखर. महिन्याचा हिशेब दीड-पावणेदोन किलो. चहा सोडू नका, त्यातली साखर सोडा. पंधरा दिवस जीभ कुरकुर करील, मग तिला सवय होईल. तंबाखू आणि विडीही सोडा. मधुमेहात ती पायाच्या शिरांची वैरीण आहे.

तिसरी गोष्ट, औषध. “एकदा गोळी लागली की जन्माची लागते,” “गोळ्यांनी किडनी जाते,” असे पारावर बोलले जाते. किडनी बहुधा गोळीने नव्हे, तर वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने जाते. साखर उतरली म्हणून गोळी मनाने बंद करणे म्हणजे गळती थांबली म्हणून नवे छप्पर काढून टाकणे. इन्शुलिन सुरू झाले म्हणजे शेवट आला, असेही नाही. कारले, मेथी, जांभूळ आहारात जरूर घ्या, पण औषधाच्या जागी नको. इन्शुलिन वापरणाऱ्यांच्या घरी शीतपेटी नसेल, तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून सावलीतल्या माठात ठेवावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवी, मूत्रपिंडाची तपासणी आणि पायांची संवेदना पाहून घ्यावी.

उपवासाविषयी मला सांभाळून बोलावे लागेल. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्राचे घट, ही आपली श्रद्धास्थाने. पण गोळी किंवा इन्शुलिन घेऊन काहीच न खाणे धोक्याचे आहे, कारण साखर एकदम खाली येते. आणि उपवास म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाणेही बरे नव्हे, कारण साखर उसळते. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, ही साखर ७० च्या खाली गेल्याची लक्षणे. अशा वेळी उपवास तेथेच मोडावा आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. मारुतीराया अशा मोडलेल्या उपवासाबद्दल रागावणार नाही, हे मी त्याच्यासमोर उभा राहून सांगतो.

चौथी गोष्ट, पाय. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, चैत्रात सप्तशृंग गडाची पायी यात्रा, पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला निघालेल्या दिंड्या. आपला जिल्हाच पायी चालणाऱ्यांचा. मधुमेह असलेल्याने चालावे, आनंदाने चालावे, पण अनवाणी नको. मऊ, मापाचे पायताण आणि सुती मोजे घालावेत. रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा नातवाला सांगावे. फोड, भेग, काटा, रंगातला बदल, काहीही दिसले तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाय शेकू नयेत, कुरूप घरी कापू नये.

माता-भगिनींना एक वेगळी विनंती. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाऊन जी निजते, ती बहुधा सून असते, आणि तिच्याच पोटात पुढच्या पिढीचा पाया घातला जात असतो. डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासाचे सार मला तरी असे वाटते की मधुमेहाची गोष्ट पुष्कळदा आईच्या उदरात सुरू होते. तेव्हा गरोदर सुनेला आधी जेवू घाला. डाळ, दूध, पालेभाजी तिच्या ताटात पडू द्या, आणि गरोदरपणात तिची साखर अवश्य तपासून घ्या. पाया पक्का, तर मंदिर पक्के.

आता शेवटी समितीकडे आणि देणगीदारांकडे माझी मागणी. आपण लाखो रुपये उभे केले, उत्तम मंदिर बांधले. त्यात थोडी भर घालावी. प्रदक्षिणेच्या फरशीवर उन्हाळ्यात काथ्याची पट्टी अंथरावी, आणि ज्याला साखरेचा त्रास आहे त्याने स्वच्छ मोजे घालून प्रदक्षिणा केली तर कोणी हटकू नये. प्रसाद म्हणून पेढ्याबरोबर फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडाही ठेवावा. महाप्रसादाच्या पंगतीत बुंदी जरूर वाढा, पण नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. आणि उसळ-कोशिंबिरीची बादली मात्र दोनदा फिरवा. दरवर्षी हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, आरोग्य केंद्राच्या मदतीने, याच मंडपात ३० वर्षांवरील सर्व ग्रामस्थांची साखर तपासावी. दर्शनाला जशी रांग लागते, तशी तिलाही लागावी. पहिला मी उभा राहीन, कारण अण्णांचे रक्त माझ्यातही आहे.

नव्या मंदिरात उत्तरेच्या बाजूला पायऱ्यांशेजारी समितीने एक उतार बांधला आहे. वृद्धांना, अपंगांना त्यावरून थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येईल. काल संध्याकाळी मी त्यावरून एकटाच चालत गेलो. हा उतार तेव्हा असता, तर अण्णा शेवटची सहा वर्षे ओट्यावर बसले नसते, असे मनात आले. आणि लगेच दुसरा विचार आला : या उताराची गरज गावात कमीत कमी लोकांना लागो, हेच खरे मागणे. दगडाचे मंदिर पडले, तर आपण वर्गणी काढून पुन्हा बांधू शकतो. गेलेला पाय आणि गेलेली दृष्टी कोणत्याही वर्गणीने परत येत नाही. म्हणून आतली गळती वेळीच शोधा.



बोला, पवनसुत हनुमान की जय!